साहेबांचा कफ आणि अर्धा पत्ता

इमारतीत बोलवा अशी आहे, की मावशीने आपल्या साहेबांना भरतकामाच्या यंत्राला शिवून टाकलं आणि मग अग्निशमन दल बोलावून त्यांना उसवून काढावं लागलं. खाली इस्त्रीवाल्याच्या टेबलावरून ही गोष्ट निघाली तेव्हा तिच्यात फक्त एक बोट होतं. जिना चढता चढता बोटाचा हात झाला, हाताचा खांदा झाला, आणि गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या शेजारणींपर्यंत पोचली तेव्हा साहेब कंबरेपर्यंत शिवलेले होते आणि त्यांच्या पाठीवर गुलाब उमटला होता. एका शेजारणीने तर गुलाबाचा रंगही सांगितला.

खरी गोष्ट एवढीच, की शिवला गेला तो साहेबांच्या शर्टाचा डावा कफ. गुलाब नव्हता. अग्निशमन दल आलं नाही, एक छोटी कात्री आली. आणि शिवलं ते मावशीने नाही, यंत्राने. मावशी तर कित्येक महिने घसा कोरडा करून सांगत होती, की हे यंत्र एक दिवस भलतंच काहीतरी शिवणार आहे. कुणी ऐकलं नाही. मावशीचं कुणी पटकन ऐकतच नाही, आणि त्याला कारण आहे तिचा एक शब्द.

तो शब्द म्हणजे "समजा". मावशीची सगळी वाक्यं तिथूनच सुटतात. टॅक्सीत बसली, की समजा पुढचा रस्ता बंद असला तर. लिफ्टमध्ये शिरली, की समजा दोन मजल्यांच्या मध्येच अडकलो तर, म्हणून पिशवीत पाण्याची बाटली. ताई, म्हणजे तिची थोरली बहीण, जिच्या घरी ती राहते, एकदा सहज म्हणाली, की बाई उद्या सुट्टी, जरा उशिरा उठू. तर मावशी म्हणाली, समजा नसली तर? आणि दोघी अर्धी रात्र कॅलेंडरचं तोंड बघत बसल्या. ऑफिसात तिला तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठ वळली की समजामॅडम. हे तिला ठाऊक आहे. तिचं म्हणणं, समजा याहून वाईट नाव ठेवलं असतं तर काय करणार होते मी?

मावशीची कंपनी भरतकामाची यंत्रं बनवते. रुमालावर अक्षर, टोपीवर शाळेचं चिन्ह, पडद्यावर मासे, सांगाल ते सुई काढून देते. सुईने कुठे टोचायचं हे तिला सांगणारा प्रोग्रॅम लिहिणं हे मावशीचं काम. एका काचेच्या भिंतीच्या अलीकडे प्रोग्रॅमवाले आणि पलीकडे यंत्रांचा हॉल. हॉलमधला खडखडाट असा, की तिथली माणसं घरी गेल्यावरही शेजारी बसलेल्या बायकोकडे ओरडून चष्मा मागतात.

त्या हॉलच्या राणी म्हणजे टाकेवाल्या काकू. नवीन यंत्र आधी त्यांच्या हातून जातं. काकू यंत्राशी बोलतात, आणि तेही सुनेशी बोलावं तसं: चाललंय हो तुमचं, चालू द्या, आम्ही काय, आम्ही बघतोय. विक्री बघणाऱ्या माणसाचं नाव पडलंय होऊनजाईल. गिऱ्हाइकाने काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर ठरलेलं. दोन रंग एकदम? होऊन जाईल. चामड्यावर? होऊन जाईल. एका गिऱ्हाइकाने गंमत म्हणून काचेवर भरतकाम होईल का असं विचारलं, तर होऊनजाईल क्षणभर थांबला, आणि काच पातळ असेल ना, एवढंच त्याने विचारून घेतलं.

आणि या सगळ्यांच्या वर साहेब. साहेबांचं प्रत्येक वाक्य "मुळात"ने सुरू होतं आणि "काय?"ने संपतं. ते "काय?" प्रश्न नसतो, तो शिक्का असतो. मुळात पाऊणला जेवायला जायचं, काय? मुळात पंखा दोनवर ठेवायचा, काय? पण साहेब नुसते साहेब नव्हते. यंत्राचा पहिला प्रोग्रॅम तरुणपणी त्यांनी स्वतः लिहिला होता, एका टेबलावर, एका खुर्चीत, ती खुर्ची अजून त्यांच्या केबिनमध्ये कुणाला बसू देत नाहीत अशी ठेवली आहे. इतक्या वर्षांत त्या प्रोग्रॅमने कुणाला त्रास दिला नाही, हे ते पगारवाढ मागणाऱ्यालाही सांगत. बोट ठेवलं होतं मावशीने ते नेमकं याच प्रोग्रॅमवर.

मावशीने घरी ताईला हे समजावून सांगितलं तेव्हा कांदा चिरायचं राहून गेलं, इतकं ते सोपं निघालं. यंत्राच्या पोटात मेमरी असते. मेमरी म्हणजे खोल्याच खोल्या, आणि प्रत्येक खोलीला नंबर. तोच तिचा पत्ता. प्रत्येक नक्षी एकेका खोलीत राहते. सुईला नक्षी हवी झाली, की प्रोग्रॅम तिला खोलीचा पत्ता देतो. आता तरुण साहेबांनी काय केलं, तर हा पत्ता ठेवला साध्या आकड्यांच्या डब्यात. ज्या डब्यात टाक्यांची संख्या ठेवायची, दोऱ्याचा रंग ठेवायचा, त्याच मापाच्या डब्यात पत्ता. तेव्हाच्या यंत्रात पत्ता आणि डबा एका मापाचे होते. झाकण टक्क बसायचं. चूक म्हणावी असं काहीच नव्हतं.

नवीन यंत्राची मेमरी मात्र अवाढव्य. खोल्या वाढल्या, मजले वाढले, पत्ते लांबले. डबा राहिला तेवढाच.

"हॉटेल समज," मावशी ताईला म्हणाली. "किल्लीच्या बिल्ल्यावर तीनच आकडे मावतात. तुला दिली बाराशे चार नंबरची खोली. बिल्ल्यावर उरलं काय? दोनशे चार. तू जातेस. किल्ली लागते, दार उघडतं, दिवाही लागतो. फक्त पलंगावर दुसराच कुणीतरी घोरत असतो."

ताईने विचारलं, की मग इतके दिवस कुणी ओरडलं कसं नाही. आणि गोम होती ती इथेच. खोल्या भरतात खालून. सकाळी यंत्र चालू केलं, की ते रिकामं. काकू चाचणीसाठी चार नक्ष्या घालणार, त्या चारही तळमजल्यावर. तळमजल्याचे नंबर छोटे, डब्यात सुखाने मावणारे. चाचणी पास. संध्याकाळी यंत्र बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा रिकामं, पुन्हा तळमजला, पुन्हा पास. वरच्या मजल्यावर कधी कुणी राहायलाच गेलं नव्हतं.

एकाने मात्र ओरडायचा प्रयत्न केला होता. कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा, तो स्वभावाने खाष्ट. मोठी वस्तू छोट्या डब्यात कोंबताना दिसली, की इशारा देतो. पण इशारे फार येतात, कटकट होते, म्हणून साहेबांनी फार पूर्वीच त्याचे इशारे बंद करून टाकले होते. मावशी म्हणायची, घरातल्या एकट्या शहाण्या माणसाच्या तोंडात बोळा कोंबून वर म्हणायचं, बघा घरात किती शांतता आहे.

हे तिने बैठकीत सांगितलं. बैठकीत होऊनजाईल होता, त्याने नवीन यंत्र एका मोठ्या प्रदर्शनात मांडायचं कबूल करून टाकलं होतं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, पेनाचं टोपण काढलं, लावलं, आणि शांतपणे सांगितलं: मुळात यंत्र चालतंय. मुळात ज्याला ते चालत नाही असं वाटतं, त्याने ते न चालताना दाखवावं. प्रदर्शनाच्या आधी एक चूक दाखवा, एकच. नाही दाखवली, तर मॅडमनी यंत्र ठीक आहे म्हणून सही करायची आणि प्रोग्रॅम सोडून मॅन्युअलच्या खोलीत बसायचं. काय?

मॅन्युअलची खोली जिन्याखाली आहे. तिथे एक गृहस्थ वर्षानुवर्षं "यंत्र कोरड्या जागी ठेवावे" हे वाक्य निरनिराळ्या भाषांत लिहीत बसलेले असतात, आणि त्या खोलीच्या भिंतीला ओल आहे. मावशी त्या संध्याकाळी घरी आली आणि एकदाही समजा म्हणाली नाही. ताईचा जीव खाली-वर झाला. जेवताना तिने मुद्दाम विषय काढला, की उद्या पाणी येणार आहे म्हणे. मावशी नुसती हो म्हणाली. मग मात्र ताईने ताप बघितला.

ताप नव्हता, भीती होती. काम गेलं असतं तर तिने दुसरं शोधलं असतं. पण जे चुकलंय ते दिसत असताना त्याखाली सही करायची, आणि वर जन्मभर कोरड्या जागेबद्दल लिहायचं, हे तिच्या घशाखाली उतरेना.

सकाळी उठली ती मात्र वेगळीच. समजा, ती दात घासताना म्हणाली, वरच्या मजल्यावर कुणी राहायला जात नसेल, तर खालचे मजले आपणच भरून टाकायचे.

आणि तिने तेच केलं. एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. यंत्र चालू झालं, की हा आधी आत घुसणार आणि कपाटातल्या जुन्या, धूळ खात पडलेल्या सगळ्या नक्ष्या खालच्या खोल्यांत कोंबणार. हॉटेल खालून ठासून भरलं, की नवीन येणाऱ्याला वरचीच खोली मिळणार. लांब पत्ता. डब्यात न मावणारा.

होऊनजाईलला हे कळलं तेव्हा त्याने आकांत केला. हा काय न्याय झाला, मुद्दाम बिघडवायचं आणि मग बिघडलं म्हणायचं. इतक्या नक्ष्या कोण गिऱ्हाईक भरणार आहे. मावशी म्हणाली, समजा त्याने यंत्र कधी बंदच केलं नाही तर. तो म्हणाला, असं कोण करतं. तेवढ्यात टाकेवाल्या काकूंनी काचेच्या दारातून डोकं आत घातलं आणि म्हणाल्या, की सगळेच करतात. त्या आधी जिथे कामाला होत्या तिथलं यंत्र त्यांनी एकदाच बंद झालेलं पाहिलं, आणि तेव्हा सगळ्या इमारतीचीच वीज गेली होती. होऊनजाईल तक्रार घेऊन सरळ साहेबांकडे गेला.

साहेबांना मात्र राग आला नाही. त्यांना गंमत वाटली. भरा म्हणाले, गळ्यापर्यंत भरा. चाचणी मी स्वतः करतो.

हॉलमध्ये सगळे जमले. मॅन्युअलवाले गृहस्थसुद्धा जिन्याखालून वर आले, त्यांना आपल्या खोलीत कोण येतंय ते बघायचं असावं. साहेबांनी सर्वांत सोपी नक्षी निवडली: रुमालाच्या कोपऱ्यात एक अक्षर, नखाएवढं. शर्टाच्या बाह्या खाली सोडून, कफाची बटणं लावून, प्रदर्शनात उभं राहावं तसे ते यंत्रापाशी उभे राहिले आणि डावा हात ऐटीत टेबलावर ठेवला.

मावशी म्हणाली, "साहेब, हात जरा लांब घ्या."

"मुळात," साहेब म्हणाले, "नखाएवढं अक्षर आहे. ते माझ्या हातापर्यंत येणार कसं? काय?"

आणि बटण दाबलं.

सुईने पहिले काही टाके अगदी निमूट घातले. मग रुमाल ताणून धरणारी चौकट एकदम डावीकडे सरकली, नखाएवढ्या अक्षराने कधी सरकू नये इतकी. मग उजवीकडे. मग गोल. काकू यंत्राला म्हणाल्या, अहो, कुठे निघालात? जांभळा दोरा रुमालाची हद्द ओलांडून टेबलाच्या कापडावर उतरला, आणि बघता बघता सगळ्यांना ओळखू आलं, की हा एक ऑक्टोपस आहे. पोहण्याच्या तलावाच्या पडद्यांसाठी कधीकाळी काढलेला, चांगला ताटाएवढा. अक्षराचा लांबलचक पत्ता डब्यात कोंबताना पुढून कापला गेला होता, आणि उरलेल्या अर्ध्या पत्त्यावर, तळमजल्यावर, हा प्राणी राहत होता. यंत्राने दार वाजवलं, त्याने उघडलं.

साहेब बघतच राहिले. तिसरा पाय काढायला चौकट परत डावीकडे आली तेव्हा ऑक्टोपसने त्यांचा कफ धरला. मनगट वाचलं, कारण मनगट बारीक आणि शर्ट ढगळ, पण कफ गेला. काकूंनी लाल बटणावर थाप मारली आणि हॉलमध्ये जी शांतता झाली तशी तिथे नोकरीला लागल्यापासून कुणी ऐकली नव्हती.

कात्री कुणीतरी आणली. साहेबांनी उजव्या हाताने त्याला थांब अशी खूण केली. ते वाकले, शिवलेल्या कफासकट, आणि मावशीने यंत्राच्या पडद्यावर लावून ठेवलेले दोन आकडे वाचू लागले. एक खोलीचा खरा पत्ता. त्याखाली डब्यात उरलेला. शेवटचे आकडे तंतोतंत तेच, पुढचे गायब. ते त्यांनी पुन्हा वाचलं. मग पुन्हा. सगळे श्वास रोखून, आता "मुळात" येणार.

"मुळात," साहेब म्हणाले, पण आवाज नेहमीचा नव्हता, "मी लिहिलं तेव्हा हा डबा पुरत होता."

"पुरतच होता, साहेब," मावशी म्हणाली. "मीही असाच लिहिला असता. तेव्हाच्या यंत्राच्या मापाचा होता तो."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. शेवटचं "काय?" कुठे राहिलं कुणास ठाऊक. ते म्हणाले, "मग आता मोठा करा."

"मोठा नाही करायचा. मोठा केला, तर उद्या आणखी मोठं यंत्र येईल, की पुन्हा हेच. पत्त्याला आकड्यांच्या डब्यात ठेवायचंच नाही. त्याचा वेगळा डबा."

प्रोग्रॅमच्या भाषेत तसा प्रकार आहेच. पत्त्यासाठी राखून ठेवलेला. त्याचं माप ठरलेलं नसतं. ज्या यंत्रासाठी प्रोग्रॅम उतरवाल, त्या यंत्राच्या पत्त्याएवढा तो होतो. साहेबांनी हे ऐकलं आणि कफ सोडवता सोडवता नवी अट घातली, कारण साहेब ते साहेबच. गिऱ्हाइकांकडे जी जुनी यंत्रं आहेत ती काही भंगारात जाणार नाहीत. त्यांच्यासाठी एक आणि नव्यांसाठी एक असे दोन प्रोग्रॅम सांभाळत बसायला आपण रिकामटेकडे नाही. एकच प्रोग्रॅम, दोन्हीकडे चालला पाहिजे. जुन्या यंत्रावर तो अडला, तर साहेबांचा जुना डबा परत, आणि मॅडम जिन्याखाली.

मावशीने कंपायलरच्या तोंडातला बोळा काढला. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं त्याने एका दमात बोलून घेतलं. पडदा तक्रारींनी वाहत खाली गेला, तळ दिसेना. मावशीने आणखी एक केलं: पत्त्याचा डबा असा बनवला, की त्यात कुणी साधा आकडा घालायला गेलं, तर इशाऱ्यावर भागणार नाही, प्रोग्रॅम उतरणारच नाही. मग ती एकेक तक्रार घेऊन निस्तरायला बसली, आणि साहेब तिच्या शेजारी येऊन बसले. आपली ती खुर्ची केबिनमधून उचलून आणून. मदतीला म्हणून आले, पण मदत कसली, प्रत्येक ओळीचं वकीलपत्र घेतलेलं. मुळात ही ओळ मला सर्दी झाली होती तेव्हाची. मुळात ही मी लिहिलीच नाही. मुळात ही लिहिली, पण खोडणार होतो. एके ठिकाणी त्यांनी पत्त्यात दोऱ्याचा रंग मिसळला होता, जागा वाचते म्हणून. मावशीने त्या ओळीखाली बोट ठेवलं. साहेब ते बघून म्हणाले, "समजा, ही कुणाला दाखवली नाही तर?" आणि आपण काय बोललो ते कळून स्वतःच दचकले.

नवीन यंत्रावर सगळं चाललं. खालचे मजले ठासून भरलेले, अक्षर वरच्या मजल्यावर, तरी रुमालाच्या कोपऱ्यात नखाएवढंच उमटलं. उरलं जुनं यंत्र.

त्याच्या चाचणीच्या आदल्या संध्याकाळी घरी पैज लागली. लावली ती हे लिहिणाऱ्या भाचीने, जिचा तोवर घरात मोठाच दबदबा होता, कारण साहेबांचं "काय?" आणि काकूंचं "आम्ही बघतोय" ती हुबेहूब काढत असे. तिचं म्हणणं असं, की मोठ्या यंत्रासाठी केलेली वस्तू छोट्यात जाणारच नाही. बापाचा कोट तान्ह्या बाळाला घातल्यासारखं होईल. मावशी म्हणाली, कोट शिवलेलाच नाहीये अजून. कागदावर फक्त लिहिलंय, अंगाप्रमाणे. ज्याला घालायचाय, त्याला समोर उभं करूनच कापड कापायचं. भाचीला हे पटलं नाही, आणि पटलं नाही ते तिने जरा जास्तच मोठ्याने सांगितलं. ठरलं असं: जुनं यंत्र अडलं, तर भाचीने ऑफिसात येऊन खुद्द साहेबांसमोर साहेबांची नक्कल करायची, जबाबदारी मावशीची. नाही अडलं, तर मावशी म्हणेल ती नक्षी, भाचीच्या डेनिमच्या जॅकेटच्या पाठीवर. भाचीने जॅकेट स्वतःच्या हाताने घडी घालून दिलं. यंत्र काही चालणार नाही, मग द्यायला काय जातं.

जुनं यंत्र हॉलच्या कोपऱ्यात प्लास्टिक पांघरून उभं होतं. काकूंनी त्याला चला आजोबा म्हणून उठवलं, जॅकेट चौकटीत ताणून बसवलं आणि साहेबांना दोन पावलं मागे सरकवलं. त्यांनी बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या होत्याच. तोच प्रोग्रॅम, एक अक्षर न बदलता, कंपायलरने त्या यंत्रासाठी उतरवला होता. पत्त्याचा डबा आपणहून लहान झाला होता. बटण मावशीने दाबलं.

यंत्र अडलं नाही. खोकलंसुद्धा नाही. साहेब शेवटचा टाका पडेपर्यंत उभे राहिले, मग मावशीच्या टेबलापाशी ठेवलेली आपली खुर्ची उचलून केबिनकडे निघाले, दारापाशी थांबले आणि मावशीला म्हणाले, की मुळात ही खुर्ची तिच्या टेबलापाशीच बरी दिसते.

जॅकेट संध्याकाळी घरी आलं. पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या बरोबर मधोमध, बाळांच्या दुपट्यांसाठी असतं तसं एक गुबगुबीत पिवळं बदक, गळ्यात निळी फीत, एकही टाका चुकलेला नाही. भाची ते जॅकेट अजून घालते. उलटं करून.